दोन बहिणींचा भाऊ

मुद्रितशोधकबाईंनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘पान ३७ वर बहिणी दोन. पान ११२ वर “माझी एकुलती एक बहीण”. कोणतं ठेवायचं?’ अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं. प्रश्नचिन्ह तेवढं ठसठशीत. फादरांनी ते वाचलं, चष्मा काढून झग्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा वाचलं. छापखान्याच्या पोटमाळ्यावर ते दोघंच होते. खालच्या यंत्राची धडधड लाकडी जमिनीतून तळपायांत येत होती आणि टेबलावरचा चहा बारीक थरथरत होता. बाई समोर बसून दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकातल्या वेलांट्या दुरुस्त करत होत्या. फादरांची चौदाही पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती. एकदा तर हिब्रूचं अक्षरही न येता त्यांनी हिब्रूतली चूक पकडली होती. म्हणाल्या, ‘या पानावर याला शेपटी आहे, त्या पानावर नाही, तेव्हा कुठेतरी गडबड आहे.’ विद्यापीठातल्या पंडितांच्या नजरेतून सुटलेलं बाईंच्या नजरेतून सुटत नसे.

“साधी गोष्ट आहे, फादर,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “एक ठेवायची की दोन, तेवढं सांगा. बाकी सगळं स्वच्छ आहे.”

“घरी नेऊन बघतो.”

“आता बहिणी किती ते माणसाला घरी जाऊन बघावं लागतं होय?” बाई हसल्या. मग त्यांनी मान वर केली, फादरांचा चेहरा पाहिला, आणि त्या हसायच्या थांबल्या. “न्या,” त्या हळूच म्हणाल्या. “घाई नाही.”

बसमध्ये त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. मांडीवर मुद्रितांचं भेंडोळं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस आत्मचरित्र लिहितो तेव्हा त्याने कुणाला घ्यायचं आणि कुणाला गाळायचं हे त्याचं तो ठरवतो, असं ते स्वतःशी म्हणाले. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण प्रवचनाच्या आवाजात म्हणतो आहोत. एकशे बारावं पान त्यांनी विचार करून लिहिलं होतं. चार वेळा खोडून, पाचव्यांदा सुवाच्य: आईच्या अखेरच्या आजारात माझ्या एकुलत्या एका बहिणीने तिची सेवा केली. वाक्य कसं तुळतुळीत उतरलं होतं. आणि सदतिसावं पान? ते लिहिल्याचं त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. वडिलांबद्दल लिहीत होते: बेकरीतून सकाळी घरी येणारे वडील, भुवयांवर पीठ, हातावर भट्टीचे चटके, आणि फडक्यात बांधून आणलेले करपलेले पाव. ते करपलेले पाव आम्ही तिघं वाटून खायचो, ताई, मी आणि बारकी. हात आपला लिहून गेला होता. खोटं लिहिताना त्याने पाच वेळा विचारलं, खरं लिहिताना विचारलंच नाही. समोरच्या बाकावर एक बाई पेंगुळलेल्या मुलीचं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेत होती आणि ते डोकं पुन्हा पुन्हा घसरत होतं. बारकीचं डोकं असंच घसरायचं. ते नऊ वर्षांचे आणि ती पाच. ते उलट्या खोक्यावर उभे राहून प्रवचन करायचे आणि ती एकटी म्हणजे अख्खी मंडळी. दहा मिनिटांत पेंगायची. पण पेंगतानाही मध्येच डोळा उघडून विचारायची, ‘आणि मग देव काय म्हणाला?’ त्यांना माहीत नसायचं. ती म्हणायची, ‘मग विचारून ये ना, दादा.’ पुढे त्यांनी पाच भाषा शिकल्या, परदेशातल्या ग्रंथालयांत डोळे फोडले, नीतिमान माणसाच्या वाट्याला दुःख का येतं यावर सहाशे पानांचा प्रबंध लिहिला, आणि परीक्षकांपैकी एकानेही त्यांना इतका अवघड प्रश्न विचारला नाही.

त्यांना दीक्षा मिळाली त्या दिवसापासून घरातली भाषा बदलली. आई त्यांना ‘अहो फादर’ म्हणू लागली. जिने त्यांचं नाक पुसलं, पाठीत धपाटे घातले, ती आई ते आले की खुर्ची पुसायची. ताईने मधला मार्ग काढला, ‘फादर, तू जेवलास का?’ बारकी तेवढी बदलली नाही. भरल्या मंडळीत ‘ए दादा’ म्हणून हाक मारायची आणि आई डोळे वटारायची. ती सातवीनंतर शाळेत गेली नव्हती. आईबरोबर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. घरात एक शिकतोय तेवढं पुरे, असं कुणी म्हणालं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. तिचं लग्न कोर्टातल्या कारकुनाशी झालं. गोरागोमटा, बोलायला मऊ, म्हाताऱ्यांच्या पाया पडणारा. तोंडात साखर आणि डोक्यावर बर्फ, असं वडील कौतुकाने म्हणायचे. लग्न लावलं ते फादरांनीच. तिचा हात त्याच्या हातात देताना तो इस्त्रीने खरखरीत झालेला हात त्यांच्या बोटांना लागला होता. तो खरखरीतपणा आत्ता, बसच्या गार दांडीला धरताना, पुन्हा लागला आणि त्यांनी दांडी सोडून दिली. त्यांचा थांबा केव्हाच मागे पडला होता.

ती आली त्या दुपारी ते छत्तीस वर्षांचे होते. तीन वाजले असतील. चर्चमागच्या बंगल्यात जेवणघराच्या लांब टेबलावर त्यांचा टाईपरायटर असे, कारण तिथे उजेड चांगला. पहिलं पुस्तक चाललं होतं. बारकी आली, भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचा झंपर. आचाऱ्याने चहा ठेवला आणि तो गेला. ती इकडचं तिकडचं काही बोलली नाही. लग्नाच्या तीन वर्षांत पहिल्यांदाच ती सगळं एका दमात बोलली: कधी, कशाने, कशावरून. कशावरूनही नाही, असंच ते बहुतेक वेळा. मग म्हणाली, “मी घरी जाऊन आले. आई म्हणते, फादर म्हणाले तर इथे राहा.” पुढे एक बोट टेबलाच्या कडेवरून फिरवत ती म्हणाली, “दुखतं तिथे मी नसतेच रे दादा. बाजूला उभी राहते आणि बघते. वाटतं, कुणाला तरी मारतायत.” त्यानंतर फादर पाऊण तास बोलले. आता त्यांना त्यातलं एकेक वाक्य आठवत होतं, आणि आठवावं असं एकही नव्हतं. लग्न हा करार नव्हे, संस्कार आहे. माणूस बदलतो. प्रार्थनेत मोठी ताकद असते. मी त्याच्याशी बोलेन. (ते बोललेही, तिचा नवरा मान खाली घालून ऐकत राहिला आणि जाताना पाया पडला.) ती बोलणं संपेपर्यंत टाईपरायटरकडे बघत होती. मग उठली, स्वतःचा कप मोरीत धुतला, पालथा घातला. दारात वळून म्हणाली, “येते, फादर.” तिच्या तोंडून ते पहिल्यांदाच आलं. तेव्हा त्यांना बरंसुद्धा वाटलं होतं. वाटलं, आली बाई भानावर.

आणि त्याच दिवशी, संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत, टाईपरायटरमध्ये अडकवलेल्या त्याच कागदावर त्यांनी लिहिलं: ‘दुःख येतं तेव्हा आपण आपल्या बाजूला उभं राहावं आणि बघावं. जो बघतो त्याला दुखत नाही.’ पुस्तकाच्या एकवीस आवृत्त्या निघाल्या त्या या दोन ओळींच्या जोरावर. लोकांनी त्या कॅलेंडरवर छापल्या, शोकपत्रांवर छापल्या, बिशपांनी आपल्या भाषणांत घेतल्या. मुलगा गेलेले बाप, गाठ निघालेल्या बाया त्यांचे हात धरून म्हणायच्या, फादर, तुमच्या त्या वाक्याने तारलं. कुणी विचारलंच तर ते सांगत, प्रार्थनेत असताना सुचलं. इतक्यांदा सांगितलं की त्यांना ती प्रार्थनाही आठवू लागली होती. बारकीबद्दल मात्र त्यांनी कधी कुठे अवाक्षर काढलं नाही, आणि त्याचंही एक पवित्र कारण त्यांच्याजवळ होतं: पापनिवेदनात सांगितलेलं धर्मगुरूने मेलं तरी फोडायचं नसतं. पण ते पापनिवेदन नव्हतं. त्यांच्या गळ्यात पापनिवेदनाचा पट्टा, स्टोल, नव्हता, ती गुडघ्यावर नव्हती. टेबलावर चहा होता, आणि पाप तिने केलेलं नव्हतं.

पुढे दीडेक वर्षाने ती नवऱ्याचं घर सोडून गेली. कुणालाच न विचारता, कारण विचारून झालं होतं. आईने तिचं नाव टाकलं. आईला मातीत ठेवताना कबरस्तानाच्या फाटकाबाहेर त्यांनी तिला पाहिलं होतं. त्यांच्या हातात पवित्र पाणी होतं. एक ओळ चुकली असती, दोन पावलं टाकली असती. त्यांनी प्रार्थना पुरी केली, शब्द न चुकता. वळून पाहिलं तर फाटक मोकळं. त्यालाही एकतीस वर्षं झाली.

ताई मुलाकडे राहत होती. फादर गेले तेव्हा ती गॅलरीत मटार सोलत बसली होती. त्यांनी समोरच्या स्टुलावर बसून, घसा खाकरून विचारलं, “बारकी कुठे असते?”

ताईची बोटं थांबली नाहीत. “आहे.”

“म्हणजे, तुला माहितेय?”

“दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाते मी तिच्याकडे. चर्चमधला मिस्सा झाला की तशीच.”

“इतकी वर्षं? आणि तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस.” ताईने एक शेंग चिमटीत धरून उघडली. “मला वाटायचं, फादर शिकलेला माणूस आहे, विचारायचं असतं तर विचारलं असतं. मग वाटायला लागलं, बरं आहे, नाही विचारत. विचारलंस तर काय करशील याचीही भीतीच की.” मग तिने वर्तमानपत्राची कड फाडून त्यावर पत्ता लिहिला. “जाताना पुस्तक-बिस्तक नेऊ नकोस तिच्यासाठी,” ती म्हणाली. “आणि जायचं तर लवकर जा. जिने चढवत नाहीत तुला.”

पत्ता निघाला चर्चपासून चार थांब्यांवरचा. तिच्या रस्त्यावरून ते शेकडो वेळा गेले असतील. इमारतीला लिफ्ट नव्हती. पहिल्या मजल्यावर दार उघडं टाकून एक शिंपी मशीनवर बसला होता. फादर कठडा धरून धापा टाकत उभे राहिले तसं त्याने तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या आणि विचारलं, “कुणाकडे?” त्यांनी सांगितलं. “तुम्ही त्यांचे कोण?”

“भाऊ.”

शिंप्याने त्यांच्या पांढऱ्या झग्याकडे, कपाळावरच्या घामाकडे पाहिलं. “घर चुकलं असेल तुमचं,” तो अदबीने म्हणाला. “वरच्या मावशींना भाऊ नाही. एक बहीण आहे, ती येते. बावीस वर्षं ओळखतो मी त्यांना.”

“बरोबर आहे तुमचं,” फादर म्हणाले आणि चढू लागले.

दार तिनेच उघडलं. केस बारीक कापलेले, पांढरे. अंगाने वाळलेली, हात मात्र मोठे, मनगटं सुतारासारखी. ती चकित झाली नाही. ताईने फोन केला असावा, किंवा नसावाही. “बस,” ती म्हणाली. एक खाट, एक खुर्ची, खिडकीत तुळतुळीत पुसलेला पत्रा आणि त्यावर इस्त्री. ते खुर्चीवर बसून बोलू लागले. बसमध्ये त्यांनी सगळं नीट जुळवून आणलं होतं, सुरुवात कुठून करायची, कुठे थांबायचं. चार वाक्यं झाल्यावर ती म्हणाली, “या बाजूला येऊन बस. त्या कानाने मला ऐकू येत नाही.”

“कधीपासून?”

“तुझ्याकडून गेले ना, त्याच्या पुढच्या महिन्यापासून.”

तिने ते पंचांगातली तारीख सांगावी तसं सांगितलं. फादर उठले, खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला नेली, आणि तिकडे बसल्यावर त्यांना कळलं की जुळवून आणलेल्यातलं आपल्याजवळ काहीच उरलेलं नाही. बोलली तीच. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिने नोकरी केली होती. चादरी, खोळी, डॉक्टरांचे कोट. “इस्त्रीच्या टेबलासमोर भिंतीवर तुझं वाक्य होतं,” ती म्हणाली. “काचेच्या चौकटीत. खाली तुझं नाव. एकोणीस वर्षं मान वर केली की तेच. मी एकदा मुकादमणीला म्हटलं, हे दुसरीकडे लावा, तर ती म्हणे, का गं, किती चांगलं लिहिलंय. ते माझंच आहे ना रे?”

“हो.”

“मला वाटलंच. पण मी तसं नव्हते म्हणाले. मी म्हणाले, मी तिथे नसते. दुखत नाही असं नव्हते म्हणाले.” तिने खिडकीतली इस्त्री पत्र्यावर सरळ केली. “दुखतं. नंतर दुखतं. सगळं एकदम.”

खाली शिंप्याचं मशीन चालू झालं, थांबलं, चालू झालं. फादर म्हणाले की मी माझं आयुष्य लिहिलं आहे, ते छापायला गेलं आहे, अजून वेळ आहे, मी त्यात सगळं घालतो. तुझं नाव, ती दुपार, ते वाक्य कुणाचं ते. माझा अपराध लोकांना कळू दे. बोलता बोलता त्यांना हलकं वाटू लागलं होतं, आणि ते हलकेपण तिला दिसलं असावं.

“नको,” ती म्हणाली.

“अगं, पण खरं आहे ते.”

“खरं आहे म्हणूनच. तू लिहिशील, चांगलं लिहिशील, वाचणारे रडतील. म्हणतील, बघा, किती प्रामाणिक फादर. आणि मी पुन्हा भिंतीवर.” तिचा आवाज चढला नव्हता. “एकदा घातलंस मला पुस्तकात. पुरे झालं.”

“मग मी काय करू, बारके?”

“ते मला नको विचारूस. मी तुला विचारलं होतं तेव्हा.”

शेवटी त्यांनी विचारलं. ज्या शब्दांत हजारो माणसं त्यांच्यापाशी विचारत आली होती त्या शब्दांत नाही. ते शब्द त्यांना आठवेनात. “मला माफ करशील?” एवढंच, शाळकरी. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. “माफ करणं हे तुझं काम आहे रे,” ती म्हणाली. “मी इस्त्री करायचे.”

छापखान्यात त्यांनी मुद्रितांचं भेंडोळं बाईंसमोर ठेवलं आणि पुस्तक थांबवायला सांगितलं. बाईंनी पान एकशे बारा काढलं, पान सदतीस काढलं. दोन्हींवर त्यांचीच पेन्सिल तशीच होती, उत्तर नव्हतं. “एका ओळीसाठी अख्खं पुस्तक, फादर?”

“एक लिहिली तर खोटं होतं,” ते म्हणाले. “दोन लिहायची मला परवानगी नाही.”

बाईंनी दोन्ही पानं परत भेंडोळ्यात घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एखादी चूक तशीच राहू दिली. प्रकाशक मात्र घरी आले, रागावले, मग समजूत घालू लागले, मग बिशपांकडून फोन करवला. जुन्या पुस्तकाच्या बाविसाव्या आवृत्तीतून फादरांनी ती दोन वाक्यं स्वतःच्या हाताने काटली तेव्हा प्रकाशक डोक्याला हात लावून बसले; म्हणाले, नाकच कापून ठेवलंत, आता चेहरा कोण बघणार? फादरांनी आणखी एक केलं. त्या दवाखान्यात गेले, धुलाईखाना विचारत विचारत तळघरापर्यंत पोचले. वाफेत उभ्या असलेल्या चारपाच बायांनी आदराने काम थांबवलं. चौकट तिथेच होती. ते ती काढायला आले आहेत हे कळल्यावर त्यांच्यातली एक कळवळून म्हणाली, “नका नेऊ हो फादर, आमचा तेवढाच आधार आहे.” बोलताना तिने मनगट चादरीच्या घडीखाली सारलं. त्यांनी चौकट काढली नाही. परत येताना जिन्यात मध्येच बसून घ्यावं लागलं.

हे तिला सांगायला ते दोन महिन्यांनी पुन्हा गेले. जिने चढताना ठरवलं होतं, योग्य त्या बाजूने बसायचं. पण बसायला जागा नव्हती. खोलीत दोऱ्या बांधलेल्या, खाटेवर, खुर्चीवर धुतलेल्या चादरींचा ढीग. जवळच्या प्रसूतिगृहाचं काम ती आता घरी आणत होती. ती हनुवटीखाली एका चादरीची मधली कड दाबून, दोन्ही हात ताणून एकटीच घडी घालत होती आणि चादर पुन्हा पुन्हा जमिनीला टेकत होती. “पुस्तक थांबवलं,” फादर म्हणाले. ती त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. ऐकू गेलं की नाही कळलं नाही. मग ती वळली, त्यांना पाहिलं आणि चादरीची दोन टोकं त्यांच्यापुढे धरली.

“धर. घट्ट धर. मागे जा.”

ते दारापर्यंत मागे गेले. ती खिडकीपर्यंत. मध्ये पांढरी चादर ताणली गेली, तिने एक झटका दिला आणि तो त्यांच्या खांद्यापर्यंत पोचला. “आता उजवा हात डाव्याला,” ती म्हणाली. “तसा नाही. माझ्याकडे बघून कर.” त्यांनी तिच्याकडे बघून केलं. “आता ये.” ते टोकं धरून तिच्यापर्यंत चालत गेले. इतक्या जवळून त्यांनी तिला लग्नाच्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. कानामागची पांढरी रेघ दिसली, पापण्या दिसल्या, साबणाचा वास आला. तिची बोटं त्यांच्या बोटांवर आली, तितकीच खरखरीत. तिने टोकं काढून घेतली, आणि ती मागे सरकून घडी पुरी करायला लागली. मग दुसरी चादर. पुन्हा दारापर्यंत, पुन्हा झटका, पुन्हा तिच्यापर्यंत. प्रत्येक वेळी जवळ गेल्यावर त्यांना वाटे, आता बोलावं. पण बोलायला लागणारा वेळ त्या दोन पावलांत मावत नव्हता, आणि तिची बोटं टोकं घेऊन निघून गेलेली असत. तिसरी, चौथी. ते चुकेनासे झाले. ती सांगेनाशी झाली. ढीग उतरत गेला तसे ते हळू चालू लागले, आणि ते तिच्या लक्षात आलं असलं तरी तिने घाई केली नाही.

शेवटची चादर तिने खाटेवर ठेवली, तळहाताने सारखी केली. फादर खोलीच्या मध्यावर उभे होते. दोन्ही हात अजून पुढे, बोटं चिमटीत मिटलेली.

तिने त्या हातांकडे पाहिलं.

“संपल्या,” ती म्हणाली.